इंग्रजी फ्रेजल व्हर्ब आणि 'टू'

फ्रेजल व्हर्ब आणि 'टू' : 'गिव्ह अप', 'सेट आउट', 'टर्न आउट' अशा इंग्रजी जोड्यांत क्रियापद आणि त्यामागचा छोटा शब्द मिळून एकच अर्थ देतात. या जोडीला फ्रेजल व्हर्ब म्हणतात. तिच्यापुढे 'टू' घेऊन दुसरे क्रियापद आले, की मराठी माणसाची जीभ अडखळते. ठाणे आणि नवी मुंबईत ही रचना व्याकरणाच्या पुस्तकापेक्षा कामाच्या रेट्यात जास्त भेटते. ऐरोली-महापेच्या कचेऱ्यांतल्या ईमेलमध्ये ती असते, वाशीच्या मुलाखतींत असते आणि ट्रान्स-हार्बर लोकलमधल्या फोनवरही असते. मराठी माध्यमाच्या शाळांत इंग्रजी २००० पासून पहिलीपासून आली. त्याआधीच्या पिढीने ती पाचवीत सुरू केली. अडखळण्याची जागा मात्र दोन्ही पिढ्यांची एकच आहे.

ही अडचण जुनी आहे. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ च्या आपल्या इंग्रजी कोशाच्या प्रस्तावनेतच म्हटले होते, की क्रियापदामागे लागणाऱ्या या शब्दांनी परक्या माणसाला सर्वांत जास्त त्रास होतो. 'फ्रेजल व्हर्ब' हे नाव १९२५ मध्ये लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या लेखनातून रूढ झाले. ते सुचवण्याचे श्रेय त्यांनी ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांना दिले होते.

कचेरीतल्या ईमेलची शेवटची ओळ पाहावी : 'लुकिंग फॉरवर्ड टू मीट यू.' इथे 'मीटिंग यू' हवे. ही चूक आळसातून होत नाही, ती मराठीच्या नियमाने होते. 'तुम्हाला भेटायला आलो' याचे 'केम टू मीट यू' बरोबर होते. मग 'तुम्हाला भेटायला उत्सुक आहे' याचेही तसेच व्हायला हवे, असे मन धरून चालते. मराठीत दोन्हीकडे 'भेटायला' एकच आहे. इंग्रजीत मात्र 'टू' दोन निराळी कामे करतो. एक 'टू' पुढच्या क्रियापदाचा असतो, दुसरा मागच्या जोडीचा. दुसऱ्या प्रकारचा 'टू' म्हणजे आपले शब्दयोगी अव्यय. त्याला पुढे नाम लागते, आणि क्रियापद आलेच तर ते 'आयएनजी' लावून नामासारखे यावे लागते.

ओळखायची युक्ती सोपी आहे. 'टू'च्या पुढे 'इट' (म्हणजे 'ते') ठेवून वाक्य म्हणून पाहावे. 'लुकिंग फॉरवर्ड टू इट' कानाला बरोबर लागते, म्हणून 'टू मीटिंग'. 'सेट आउट टू इट' असे कोणी म्हणत नाही, म्हणून 'सेट आउट टू विन'. 'गेट राउंड टू' (एकदाचे हाती घेणे), 'ओन अप टू' (कबूल करणे) आणि 'फील अप टू' (जमेल असे वाटणे) हे 'लुक फॉरवर्ड टू'च्या घरातले. 'आय अ‍ॅम यूज्ड टू इट' चालते, म्हणून 'आय अ‍ॅम यूज्ड टू स्टँडिंग इन द लोकल', म्हणजे लोकलमध्ये उभे राहायची सवय आहे. 'आय यूज्ड टू स्टँड' म्हणजे पूर्वी उभा राहायचो. एका 'आयएनजी'ने आजची सवय आणि कालची आठवण वेगळी होते.

या दोन 'टूं'चे मूळ एकच आहे. जुन्या इंग्रजीत क्रियापदाच्या चतुर्थीसारख्या रूपाआधी 'टो' हे अव्यय यायचे. आजचा 'टू मीट', 'टू डू' तिथून आला. मराठी 'भेटायला'मधला 'ला'ही विभक्तीचाच प्रत्यय आहे. 'भेटावयास' या जुन्या रूपात त्याच जागी 'स' आहे. घणसोलीकडच्या आगरी बोलीत 'जेवायला'चे 'जेवाला' होते, तरी 'ला' जागचा हलत नाही. इंग्रजीत त्या एका अव्ययाच्या पुढे दोन वाटा झाल्या. मराठीत 'ला' एकत्रच राहिला.

'टू' स्वतःकडे ओढणाऱ्या फ्रेजल व्हर्ब मोजक्याच आहेत, आणि त्यांच्या जोडीला मराठीत तयार क्रियापदे आहेत. शिकवताना हे सांगायचे राहून जाते. 'टर्न आउट टू बी' म्हणजे निघणे. पेटी घरी आणून उघडली आणि आंबे आंबट निघाले, तर 'द मँगोज टर्न्ड आउट टू बी सावर'. बाहेर येण्याचा अर्थ 'आउट'मध्ये आहे, तसाच 'निघणे'मध्येही आहे. विशेषण असेल तर 'टू बी' गाळले तरी चालते. नाम असेल तर ते बहुधा येते : तो खोटारडा निघाला, 'ही टर्न्ड आउट टू बी अ लायर'. हेच 'निघणे' 'सेट आउट टू'च्याही कामी येते. 'सगळ्यांना सुधारायला निघालाय' म्हणताना आपण नेमके 'सेट आउट टू रिफॉर्म' म्हणत असतो. 'टर्न आउट' म्हणजे 'बाहेर वळणे' आणि 'सेट आउट' म्हणजे 'बाहेर ठेवणे' असे तुकडे पाडून पाठ करण्यापेक्षा या दोन मराठी वाक्यांची आठवण ठेवणे कितीतरी उपयोगाचे.

'गो ऑन'मध्ये पुढच्या रूपावर सगळा अर्थ फिरतो. 'शी वेंट ऑन टू बिकम अ डॉक्टर' म्हणजे पुढे ती डॉक्टर झाली. 'शी वेंट ऑन टॉकिंग' म्हणजे ती बोलतच राहिली. 'शी वेंट ऑन टू टॉक अबाउट हर मदर' म्हणजे आधीचा विषय संपवून मग ती आईबद्दल बोलू लागली. मुलाखतीत स्वतःची वाटचाल सांगताना हा फरक हमखास लागतो.

'गिव्ह अप', 'कीप ऑन', 'कॅरी ऑन', 'एंड अप', 'पुट ऑफ' यांच्यापुढे 'टू' येत नाही, थेट 'आयएनजी' येते. 'एंड अप'चा भाव मराठीत 'करून बसणे'ने येतो : रागाच्या भरात नोकरी सोडून बसला, 'ही एंडेड अप क्विटिंग'. शिळफाट्याच्या कोंडीत रिक्षा सोडून शेवटी चालत जावे लागले, तर 'वी एंडेड अप वॉकिंग'. न झालेल्या कामाला 'टू' आणि चालू किंवा झालेल्या कामाला 'आयएनजी', असा एक ठोकताळा सांगितला जातो. तो बऱ्याच ठिकाणी लागू पडतो, पण 'पुट ऑफ'पाशी मोडतो. पुढे ढकललेले काम अजून व्हायचेच असते, तरी तिथे 'आयएनजी'च. त्यामुळे इथे नियमापेक्षा प्रत्येकाचे एक वाक्य तोंडात बसवलेले बरे.

रोजच्या बोलण्यात सर्वांत जास्त येतो तो हेतू सांगणारा 'टू'. 'वी गॉट डाउन अ‍ॅट ठाणे टू कॅच द वाशी ट्रेन' म्हणजे वाशीची गाडी पकडायला ठाण्याला उतरलो. हा 'टू' 'गेट डाउन'ने मागितलेला नाही. उतरायचे कारण तो सांगतो. 'स्टेड बॅक टू फिनिश', 'स्टेप्ड इन टू हेल्प', 'कॉल्ड अप टू आस्क' हे सगळे याच जातीचे. इथे '-ायला'चे 'टू' बेधडक करावे, चुकत नाही. गाडीतून उतरण्याला ब्रिटिश माणूस 'गेट ऑफ' म्हणतो. आपला 'गेट डाउन' भारतीय इंग्रजीत इतका मुरलेला आहे, की त्यावरून कोणाला हसण्याचे कारण नाही. 'पास आउट'चेही तसेच. 'तो इंजिनिअरिंग पास आउट झाला' हे आता मराठी वाक्य आहे. परदेशी ग्राहकाशी बोलताना मात्र जपावे, कारण तिकडे 'पास्ड आउट' ऐकून माणूस चक्कर येऊन पडला असे समजतील.

या जोड्या मराठीत येतात तेव्हा नामासारख्या घट्ट होतात आणि त्यांना 'करायला', 'घ्यायला', 'व्हायला' लागते. 'तुला स्टेशनवर पिकअप करायला येते', 'बॅकअप घ्यायला विसरलो', 'क्लायंटचा फॉलोअप घ्यायचा राहिला' ही घोडबंदर रोडपासून बेलापूरपर्यंत रोज ऐकू येणारी वाक्ये. मराठीत 'पिकअप'च्या मध्ये काही शिरत नाही, कर्म आधीच येऊन गेलेले असते. इंग्रजीत सर्वनामाने मध्येच बसावे लागते : 'आय विल कम टू पिक यू अप.' 'टू पिक अप यू' होते, ते आपल्या घट्ट 'पिकअप'मुळे.

फोनवर ऐकताना आणखी एक भेद होतो. 'टर्न्ड आउट टू बी'मध्ये जोर 'आउट'वर पडतो आणि 'टू' जवळजवळ 'ट' इतका बारीक होतो. देवनागरीत दोन्ही ठसठशीत लिहिले जातात, म्हणून वाचून शिकलेला माणूस प्रत्येक 'टू' ठासून म्हणतो आणि समोरच्याचा बारीक 'टू' त्याला ऐकूच येत नाही.

दोन्ही 'टू' एकाच वाक्यात येतात ते 'समवन टू लुक अप टू'मध्ये. नौपाड्यात दहावीच्या एका मुलीची निबंधाची वही तपासताना हे वाक्य समोर आले. आईबद्दल तिने 'शी इज समवन टू लुक अप' लिहिले होते. ओळीच्या शेवटी खोडरबराने कागद विस्कटला होता आणि पुसलेला 'टू' उजेडात दिसत होता. वाक्य 'टू'वर संपले तर अर्धे राहिल्यासारखे वाटते, म्हणून पुसला, असे ती म्हणाली. तिला तेच मराठीत लिहायला सांगितले. तिने लिहिले : 'जिच्याकडे मान वर करून पाहावं अशी माझी आई आहे.' पहिला 'टू' 'पाहावं'मध्ये आला होता, आणि पुसलेला 'टू' 'जिच्याकडे'मधला 'कडे' होऊन वाक्याच्या सुरुवातीलाच बसला होता. तिने पेन घेऊन इंग्रजी ओळीच्या शेवटी तो परत लिहिला.