संसदीय प्रश्न (स्कॉटलंड)

स्कॉटलंडच्या संसदेतील सदस्याने तिथल्या सरकारला धोरण, खर्च किंवा निर्णय यांबद्दल विचारलेला प्रश्न. तो लेखी असतो किंवा सभागृहात तोंडी विचारला जातो. या संसदेला एकच सभागृह आहे. आपल्या विधान परिषदेसारखे वरिष्ठ सभागृह नाही. त्यामुळे संसदेच्या आत सरकारला जाब विचारण्याचा भार समित्या आणि प्रश्न या दोघांवरच येऊन पडतो. (तिथल्या सदस्याचे इंग्रजी लघुरूप ‘एमएसपी’ असे आहे. मराठी वाचकाला त्यावरून हमीभाव आठवेल, म्हणून या नोंदीत ‘सदस्य’ हाच शब्द वापरला आहे.)

११ सप्टेंबर १९९७ च्या सार्वमतात ७४.३ टक्के मते वेगळ्या संसदेच्या बाजूने पडली. १९९८ चा स्कॉटलंड कायदा झाला, ६ मे १९९९ ला पहिली निवडणूक झाली आणि १ जुलैपासून अधिकार हाती आले. एकूण सदस्य १२९. त्यांतले ७३ मतदारसंघांतून आणि ५६ प्रादेशिक याद्यांतून निवडून येतात. प्रश्न विचारण्याचा हक्क दोघांनाही सारखाच. सुरुवातीची पाच वर्षे राजधानी एडिनबरातल्या चर्चच्या सभागृहात कामकाज चालले. शहराच्या होलिरूड भागातली स्वतःची इमारत २००४ मध्ये वापरात आली, म्हणून संसदेलाही ‘होलिरूड’ म्हणतात.

आपल्याकडे राज्यांचे अधिकार राज्यघटनेतून येतात. स्कॉटलंडला ते लंडनच्या वेस्टमिन्स्टर संसदेने कायदा करून सोपवले आहेत. या कायद्यात सोपवलेल्या विषयांची यादी नाही. लंडनने स्वतःकडे राखून ठेवलेल्या विषयांची आहे. संरक्षण, परराष्ट्र व्यवहार, स्थलांतर असे विषय पाचव्या परिशिष्टात येतात. तिथे जे नाही ते एडिनबराचे : रुग्णालये, शाळा, पोलीस, शेती, घरबांधणी, स्थानिक संस्था. प्रश्न लिहिताना सदस्याला हे परिशिष्ट सतत डोळ्यांसमोर ठेवावे लागते, कारण ज्या गोष्टीची जबाबदारी स्कॉटिश मंत्र्यांवर नाही तिच्याबद्दलचा प्रश्न स्वीकारलाच जात नाही. सदस्यांनी त्यातून एक वाट काढली आहे. व्हिसाच्या नियमांबद्दल थेट विचारता येत नाही. पण ‘या नियमांविषयी स्कॉटिश सरकारने ब्रिटिश सरकारशी काय चर्चा केली’ असे विचारता येते, कारण चर्चा करणे न करणे हे एडिनबराच्या हातात आहे. शब्दांची ही रचना होलिरूडच्या कागदपत्रांत पानोपानी भेटते. कुंपणाच्या पलीकडेही असाच नियम आहे. २५ ऑक्टोबर १९९९ रोजी वेस्टमिन्स्टरच्या कनिष्ठ सभागृहाने ठराव करून सोपवलेल्या विषयांवर लंडनच्या मंत्र्यांना प्रश्न विचारण्यावर मर्यादा घातली. याचा अर्थ सामान्य माणसासाठी फार मोठा आहे. ग्लासगोच्या रुग्णालयातली रांग का वाढली, हे विचारण्याची हक्काची जागा आता एकच उरली.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे : ‘स्कॉटिश सरकारला विचारावयाचे की...’ असे सुरू होणारे एकच वाक्य. (आधी ‘सरकार’च्या जागी ‘एक्झिक्युटिव्ह’ असे.) प्रश्न थोडक्यात आणि स्पष्ट असावा, त्यात सदस्याने स्वतःचे मत घालू नये, न्यायप्रविष्ट बाबीला हात लावू नये. प्रश्न नियमात बसतो की नाही याबद्दल वाद झाला तर पीठासीन अधिकारी निर्णय देतात. उत्तर बरोबर की चूक हे ठरवणे मात्र त्यांचे काम नाही. महाराष्ट्र विधिमंडळातला तारांकित प्रश्न ज्यांनी वाचला आहे त्यांना फरक चटकन जाणवेल. आपल्याकडे ‘हे खरे आहे काय’, ‘असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय’, ‘नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत’ अशी साखळी असते, आणि ‘अंशतः खरे आहे’ किंवा ‘प्रश्न उद्भवत नाही’ म्हणून मंत्र्याला निसटता येते. होलिरूडच्या एकवाक्यी प्रश्नात घटना कबूल करून घेण्याची ही पायरी नसते. तिथे निसटण्याची वाट दुसरी आहे. ती पुढे येईल.

खरे काम लेखी प्रश्न करतो. त्याची बातमी क्वचित होते, पण सरकारचे आकडे, तारखा, पत्रव्यवहार बाहेर येतात ते बहुधा त्याच्यातून. उत्तर साधारणपणे १० कामकाजी दिवसांत द्यावे लागते; मोठ्या सुट्टीच्या काळात ही मुदत २० दिवसांची होते. ती पाळणे जमले नाही तर मंत्री तात्पुरते उत्तर देतात, म्हणजे ‘उत्तर लवकरच देऊ’ एवढेच. प्रत्येक प्रश्नाला क्रमांक मिळतो, त्यात संसदेचा कार्यकाळ आणि प्रश्नाचा प्रकार दिसतो, आणि प्रश्न व उत्तर दोन्ही कोणालाही पाहता येतील असे प्रसिद्ध होतात. २०१६ ते २०२१ या एकाच कार्यकाळात लेखी प्रश्नांचा आकडा तीस हजारांच्या पुढे गेला.

चांगला लेखी प्रश्न लिहिणे ही कारागिरी आहे. ‘प्रतीक्षायादी कमी करण्यासाठी सरकार काय करत आहे’ असे विचारले तर योजनांची नावे मिळतात. तेच ‘प्रत्येक आरोग्य मंडळात, गेल्या पाच वर्षांत, दरवर्षी किती रुग्णांना बारा आठवड्यांपेक्षा जास्त थांबावे लागले’ असे विचारले की चौदा प्रादेशिक मंडळांचा तक्ता समोर येतो, आणि कोणते मंडळ मागे पडले हे लपत नाही. मंत्र्यांची निसटण्याची वाट इथे आहे : ‘ही माहिती केंद्रीय पातळीवर ठेवली जात नाही.’ अनेक सदस्य हे उत्तर वाचून थांबतात. माझ्या मते तिथे थांबणे चूक आहे. ज्या धोरणावर सरकार पैसा खर्च करते त्याचा परिणाम ते मोजतच नाही, ही त्या उत्तरातली कबुली असते, आणि पुढचा प्रश्न तिथूनच सुरू व्हायला हवा. शिवाय २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा स्कॉटिश कायदा लागू आहे. प्रश्नाला मोघम उत्तर मिळाले की त्याच विषयावर कागदपत्रे मागण्याची सोय त्याने झाली.

सत्ताधारी बाजूचा सदस्य सरकारच्याच सोयीने प्रश्न विचारतो आणि मंत्री त्याच्या उत्तरात एखादी घोषणा करतात, हाही मान्य प्रकार आहे.

तोंडी प्रश्नांचे प्रकार अनेक आहेत. मंगळवारी तातडीच्या घडामोडींवरचे, बुधवारी खात्यानिहाय, गुरुवारी दुपारी बाराच्या आधी सर्वसाधारण आणि बाराला प्रथम मंत्र्यांचे. प्रथम मंत्री म्हणजे आपले मुख्यमंत्री. साध्या सदस्यांची निवड बव्हंशी संगणकीय सोडतीने होते, विरोधी नेत्यांना मात्र ठरलेले स्थान असते. प्रथम मंत्र्यांच्या प्रश्नांचा कार्यक्रम आधी अर्ध्या तासाचा होता, २०१६ पासून तो पाऊण तासाचा झाला. मूळ प्रश्न आधी माहीत असतो. उपप्रश्न माहीत नसतो, आणि मंत्र्याची तयारी तिथे कळते. टीव्हीवर दिसते ते हेच, म्हणून स्कॉटिश माणूस ‘प्रश्न’ म्हटले की गुरुवार दुपार आठवतो.

एका धोरणाचा माग प्रश्नांतून कसा काढला जातो हे अॅरन बेटाच्या फेरीबोटींवरून समजते. बेटांची वाहतूक सोपवलेल्या विषयांत येते, तेव्हा जबाबदारी लंडनवर ढकलण्याची सोय नव्हती. २०१५ मध्ये पोर्ट ग्लासगोच्या फर्ग्युसन गोदीला दोन बोटींचे ९.७ कोटी पौंडांचे काम मिळाले. त्या २०१८ मध्ये यायच्या होत्या. २०१७ मध्ये ‘ग्लेन सॅनॉक्स’चे जलावतरण झाले तेव्हा तिच्या खिडक्या नुसत्या रंगवलेल्या होत्या. २०१९ मध्ये कंपनी बुडाली आणि गोदी सरकारने ताब्यात घेतली. काम फसले तर पैसे परत मिळण्याची पुरेशी हमी नसताना करार का केला, कोणी मंजूर केला, खर्च आता किती, बोट केव्हा येणार : हे चार प्रश्न वेगवेगळ्या पक्षांचे सदस्य वर्षानुवर्षे विचारत राहिले. मार्च २०२२ मध्ये ऑडिट स्कॉटलंड या सरकारी खर्चाचे लेखापरीक्षण करणाऱ्या संस्थेने नोंदवले की हमी नसतानाही करार पुढे नेण्याचा निर्णय का झाला याचा पुरेसा लेखी पुरावा सापडत नाही. मग सभागृहातला दबाव वाढला आणि मे महिन्यात मंजुरीचा जुना ई-मेल प्रसिद्ध झाला. ‘ग्लेन सॅनॉक्स’ जानेवारी २०२५ मध्ये प्रवाशांच्या सेवेत आली. प्रश्नांनी बोट लवकर आली नाही, हे खरे. पण बेटावरच्या लोकांना दर वेळी बदललेली तारीख आणि वाढलेला खर्च सरकारच्याच तोंडून, नोंदीसह ऐकायला मिळाला.

उत्तराला किंमत आहे ती खोटे बोलण्याला शिक्षा आहे म्हणून. मंत्र्यांच्या आचारसंहितेनुसार जाणूनबुजून संसदेची दिशाभूल करणाऱ्या मंत्र्याने राजीनामा देणे अपेक्षित आहे. नोव्हेंबर २०१२ मध्ये कॉलेजांवरच्या खर्चाचा चुकीचा आकडा सांगितल्याबद्दल प्रथम मंत्री अॅलेक्स सॅमंड यांना सभागृहात माफी मागावी लागली. मार्च २०२१ मध्ये तेव्हाच्या प्रथम मंत्री निकोला स्टर्जन यांनी संसदेची दिशाभूल केली का, याबाबत दोन निष्कर्ष निघाले : स्वतंत्र सल्लागार जेम्स हॅमिल्टन यांनी आचारसंहितेचा भंग झाला नाही असे म्हटले, तर संसदीय समितीच्या बहुमताने दिशाभूल झाल्याचे नोंदवले. ‘जाणूनबुजून’ हा शब्द सिद्ध करणे किती कठीण आहे हे त्यातून दिसते.

लंडनने अधिकार सोपवलेल्या ब्रिटनमधल्या इतर दोन सरकारांतही ही प्रथा आहे. वेल्सच्या सेनेडमध्ये, म्हणजे तिथल्या संसदेत, सदस्य वेल्श किंवा इंग्रजीतून प्रश्न विचारतात. उत्तर आयर्लंडमध्ये प्रथम मंत्री आणि उपप्रथम मंत्री हे पद जोडीने चालवतात, आणि एकाने राजीनामा दिला की दुसऱ्याचेही पद जाते. तिथे लाकडी गोळ्यांवर चालणाऱ्या बॉयलरसाठीचे अनुदान इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त ठरले होते. जानेवारी २०१७ मध्ये त्याच वादात मार्टिन मॅकगिनेस यांनी उपप्रथम मंत्रिपद सोडले आणि सरकार कोसळले. नवे सरकार जानेवारी २०२० मध्ये बनले. मधल्या काळात खाती सनदी अधिकाऱ्यांनी चालवली. दवाखाने, शाळा, रस्ते चालू होते, पण निवडून आलेल्या सदस्याला ज्याच्यापुढे प्रश्न ठेवता येईल असा एकही मंत्री बेलफास्टमध्ये नव्हता. ऑक्टोबर २०२२ ते फेब्रुवारी २०२४ या काळात तीच वेळ पुन्हा आली.