बिडीला हात न लावता दम का लागते?

आपल्या विदर्भात गावोगावी अशी एखादी आजी सापडतेच, बिडीला कधी हात लावला नाही पण पाण्याची गुंडी उचलून चार पावलं चालली की दम लागते, अन् घरचे म्हणतात वय झालं आता. एकट्या वयाचं काम नाही हे. सारी जिंदगी चुलीत पऱ्हाटी, तुराट्या, गोवऱ्या जाळल्या त्याचा यात मोठा वाटा आहे.

धुरातले 2.5 मायक्रोमीटरहून बारीक कण नाकात अडकत नाहीत, थेट फुफ्फुसातल्या हवेच्या पिशव्यांपर्यंत जातात. तिथल्या पेशी ते गिळतात पण काजळी काही पचत नाही, मग रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मदतीला येतात आणि इलास्टेज नावाचं एन्झाइम सोडतात. ते खरं तर जंतूंसाठी असते, पण ते इलास्टिनही तोडते, म्हणजे ज्या प्रोटीनमुळं फुफ्फुस गुलेलीच्या रबरासारखं ताणून परत जागेवर येते तेच.

याला आवर घालायला लिव्हर अल्फा-1 अँटीट्रिप्सिन नावाचं प्रोटीन बनवून रक्तातून पाठवते. 1963 मध्ये स्वीडनमध्ये दिसलं की ज्यांच्यात हे जन्मापासून कमी असते त्यांची फुफ्फुसं तरुणपणीच खराब होऊ शकतात. आणि सिगारेटच्या धुरातले ऑक्सिडंट, म्हणजे दुसऱ्याशी झटकन रासायनिक क्रिया करणारे घटक, हेच प्रोटीन निकामी करतात, असले ऑक्सिडंट चुलीच्या धुरातही भरपूर असतात. म्हणजे तोडणारं वाढलं आणि रोखणारं कमी झालं, दोन्ही एकाच धुरानं!

इलास्टिन मुख्यतः आईच्या पोटात असताना आणि लहानपणी तयार होते, पुढं नवीन जवळपास बनतच नाही, म्हणून तुटलेलं नीट भरून निघत नाही. चुलीच्या धुरानं तर पिशव्या फाटण्यापेक्षा बारीक श्वासनळ्यांभोवती कोलॅजन नावाचं चिवट प्रोटीन साचून त्या जाड अन् अरुंद होणं जास्त दिसते. त्यामुळं श्वास पूर्ण बाहेर पडत नाही.

वणी, घुग्घुस, चंद्रपूरकडं तर चुलीच्या धुरात कोळशाची धूळही आली. या बारीक कणांची वर्षाची सरासरी एक घनमीटर हवेत 5 मायक्रोग्रॅमच्या वर नको असं जागतिक आरोग्य संघटना 2021 पासून सांगते, आपल्या देशाची मर्यादा 40 आहे, आणि मला ती फारच ढिली वाटते.

लेकरू कडेवर घेऊन चुलीपाशी बसू नका, त्याची फुफ्फुसं अजून बनतच आहेत. आणि आजीला दवाखान्यात न्याल तेव्हा नळीत फुंकायची स्पायरोमेट्री टेस्ट स्वतःहून मागा, कारण सुरुवातीला एक्स-रे बऱ्याचदा नॉर्मलच येते.