आजीची धाप वयामुळे की चुलीमुळे?

प्रदूषण म्हटलं की आपल्याला दिल्ली आठवते, आणि कोकणात काय, समुद्राचा वारा आहे, माड आहेत, हवा मस्त. बाहेरची हवा बरीचशी बरी असते हे खरंय, पण फुफ्फुसं ओढतात ती माणूस जिथे बसलाय तिथली हवा, आणि आपल्या वाडीतल्या बायकांचं अर्धं आयुष्य चुलीपुढे गेलंय.

पावसाळ्यात तर बघायलाच नको. दारं-खिडक्या बंद, लाकडं सादळलेली, नारळाची सोडणं पेटता पेटत नाहीत, मग वाकून फुंकणीने फुंकायचं, डोळे पुसायचे आणि परत फुंकायचं. घरात गॅस आला तरी आंघोळीचं पाणी न्हाणीतल्या चुलीवरच, कारण सिलेंडर पुरवून वापरायचा असतो.

या धुरातले २.५ मायक्रॉनपेक्षा बारीक कण, म्हणजे केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनही लहान, नाकात अडकत नाहीत, पार फुफ्फुसांच्या टोकाला असलेल्या वायुकोशांपर्यंत, म्हणजे हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत जातात. तिथे वर्षानुवर्षं सूज राहते, श्वासनळ्या अरुंद होतात, वायुकोशांच्या भिंती फाटतात आणि त्या परत जुळत नाहीत. हाच सीओपीडी, म्हणजे श्वासनळ्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा कायमचा आजार. २०२१ मध्ये जगात यानं साधारण ३५ लाख माणसं गेली, मृत्यूच्या कारणांत चौथा नंबर. या कणांसाठी डब्ल्यूएचओची (जागतिक आरोग्य संघटनेची) २४ तासांची मर्यादा घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम, आपल्या देशाची ६०, आणि हवा न खेळणाऱ्या घरात चूल पेटली की हे कण सुरक्षित पातळीच्या १०० पटीपर्यंत जाऊ शकतात! घरातल्या अशा धुरामुळे २०२० मध्ये ३२ लाख मृत्यू झाले, त्यात पाच वर्षांखालची २ लाखांहून जास्त मुलं होती.

मला खरा राग येतो तो याचा की आजीला घाटी चढताना धाप लागली की सगळे म्हणतात वय झालं, नाहीतर दमा आहे. स्पायरोमेट्री नावाची साधी तपासणी असते, मशीनच्या नळीत जोरात फुंकायचं, मग औषधाचा पंप देऊन परत फुंकायचं. दम्यात नळ्या बऱ्यापैकी मोकळ्या होतात, सीओपीडीत पूर्ण होत नाहीत, म्हणून फरक कळतो आणि उपचार त्याप्रमाणे ठरतात. झालेलं नुकसान भरून येत नाही पण पंपाने दम कमी लागतो, आणि धूर थांबला तर पुढची झीजही कमी होते. जाल तेव्हा चुलीपुढे किती वर्षं गेली ते डॉक्टरांना आपणहून सांगा, कारण बऱ्याचदा सिगरेट-विडी ओढता का एवढंच विचारलं जातं आणि आजी नाही म्हणून मोकळी होते.