नॉर्थ डकोटा की साउथ डकोटा? जुळ्या राज्यांचा घोळ

चार राष्ट्राध्यक्षांचे चेहरे कोरलेला माउंट रशमोर कुठल्या डकोटात आहे? साउथमध्ये. जमिनीखालच्या तेलामुळे गाजलेलं राज्य कुठलं? नॉर्थ. गप्पांपुरतं एवढं पुरतं. पण अमेरिकेच्या मधोमध, कॅनडाच्या खाली एकावर एक रचलेली ही दोन गवताळ, शेतकरी राज्यं खरी कशात वेगळी आहेत, याचं उत्तर नकाशापेक्षा तिथल्या बँकांमध्ये जास्त सापडतं.

1861 पासून हा सगळा एकच डकोटा प्रदेश होता. वस्ती दक्षिणेत दाट, पण 1883 मध्ये राजधानी दक्षिणेतल्या यँक्टनहून उचलून उत्तरेतल्या रेल्वेमार्गावरच्या बिस्मार्कला नेली. मग वाटण्या अटळ होत्या. 2 नोव्हेंबर 1889 रोजी राष्ट्राध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांनी दोन्ही राज्यांचे कागद मुद्दाम आलटून-पालटून, नावं झाकून सह्या केल्या. त्यामुळे थोरलं कोण आणि धाकटं कोण, ते आजही कळत नाही. वर्णक्रमानं नॉर्थला 39वा क्रमांक मिळाला, साउथला 40वा.

दोघांमधली हद्द म्हणजे पट्टी ठेवून ओढलेली रेघ. तिथे नदी नाही की डोंगर नाही. निसर्गानं आखलेली खरी सीमा उभी आहे, ती म्हणजे मिसूरी नदी. ती दोन्ही राज्यांतून वाहते. तिच्या पूर्वेला हिमनद्यांनी सपाट केलेली, नांगराखाली आलेली जमीन. पश्चिमेला कमी पाऊस, गवत आणि गुरं. साउथचे लोक तर स्वतःची ओळखच ‘ईस्ट रिव्हर’ किंवा ‘वेस्ट रिव्हर’ अशी सांगतात. म्हणजे पूर्व नॉर्थचा शेतकरी आपल्याच राज्यातल्या पश्चिमेच्या गुराख्यापेक्षा पूर्व साउथच्या शेतकऱ्याला जवळचा.

तरी दोन गोष्टी ज्याच्या त्याच्याच. साउथच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात ब्लॅक हिल्स आहेत, 2,200 मीटरपर्यंत चढणारे. नॉर्थचं सर्वोच्च टोक त्याच्या निम्मंही नाही. उलट नॉर्थच्या पूर्व कडेला रेड रिव्हरचं खोरं आहे. एका प्रचंड हिमयुगीन सरोवराचा हा तळ, टेबलासारखा सपाट आणि काळ्याभोर मातीचा. ही नदी उत्तरेकडे वाहते आणि गोम तिथेच आहे. वसंतात दक्षिणेकडचा बर्फ आधी वितळतो, पाणी पुढे सरकतं, पण उत्तरेत नदी अजून गोठलेलीच असते. पाणी तुंबतं. 1997 मध्ये ग्रँड फोर्क्स शहर असंच बुडालं, आणि त्या पुरातच शहराच्या मध्यभागी आगही लागली.

हवामानात कोण जास्त टोकाचं, यावर वाद घालण्यात अर्थ नाही. नॉर्थनं 1936 या एकाच वर्षात फेब्रुवारीत उणे 51 आणि जुलैत 49 अंश सेल्सियस पाहिलं. साउथमधल्या स्पिअरफिश गावात 22 जानेवारी 1943 ला डोंगरावरून उतरलेल्या उष्ण वाऱ्यानं पारा दोन मिनिटांत उणे 20 वरून 7 अंशांवर नेला. आणि 2010 मध्ये साउथच्याच व्हिव्हियन गावात पडलेली गार जवळपास 880 ग्रॅमची होती. आठ इंच व्यासाची गार! गारपिटीनं द्राक्षबाग झोपलेली ज्यानं पाहिली आहे, त्याला या आकड्याचा अर्थ सांगावा लागणार नाही.

पिकांत साउथ मक्याकडे, सोयाबीनकडे आणि गुरांकडे झुकलेलं. नॉर्थची ओळख म्हणजे वसंतात पेरायचा गहू आणि पास्त्याचा डुरम, म्हणजे आपल्या बन्सीच्या जातीचा. शिवाय जवस, सूर्यफूल, बीट, मसूर आणि वाटाणा. भारतानं नोव्हेंबर 2017 मध्ये आयात वाटाण्यावर 50 टक्के शुल्क लावलं, तेव्हा त्याची झळ नॉर्थ डकोटाच्या शेतापर्यंत पोचली होती.

आता बँकांकडे. गेल्या शतकाच्या सुरुवातीला नॉर्थच्या शेतकऱ्याचा गहू शेजारच्या मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसच्या व्यापाऱ्यांच्या हातात होता. प्रतवारी ते ठरवणार, भाव ते ठरवणार, वजनकाटाही त्यांचाच. जवसाच्या शेतीत दिवाळं निघालेल्या आर्थर टाउनली नावाच्या माणसानं 1915 मध्ये शेतकऱ्यांची नॉनपार्टिझन लीग उभी केली. पुढच्याच वर्षी तिचा माणूस राज्यपाल म्हणून निवडून आला. 1919 मध्ये राज्याची स्वतःची बँक निघाली, 1922 मध्ये ग्रँड फोर्क्सला सरकारी पिठाची गिरणी सुरू झाली. दोन्ही आजही चालू आहेत. राज्याचा पैसा याच बँकेत राहतो आणि कर्जं बहुतेक स्थानिक बँकांना सोबत घेऊन दिली जातात. पुढे बाकेन नावाच्या खडकाच्या थरातलं तेल उपसलं जाऊन 2014 मध्ये उत्पादन दिवसाला दहा लाख पिंपांवर गेलं, तेव्हाही तेलकराचा 30 टक्के वाटा भविष्यासाठीच्या निधीत टाकायचं मतदारांनी आधीच, 2010 मध्ये ठरवून ठेवलं होतं.

साउथनं असं काही केलंच नाही, हे मात्र खरं नाही. 1917 मध्ये तिथेही सरकारी शेतकर्ज सुरू झालं, पण ते पार बुडीत गेलं. 1980 मध्ये साउथ अगदी उलट्या वाटेनं गेलं: व्याजदरावरची कमाल मर्यादाच काढून टाकली. त्याआधी 1978 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं होतं की बँक जिथे नोंदलेली असेल तिथला व्याजदर ती देशभर लावू शकते. न्यूयॉर्कची सिटीबँक 1981 मध्ये आपला क्रेडिट कार्डाचा धंदा घेऊन साउथमधल्या सू फॉल्स शहरात आली. अमेरिकेत कुठेतरी कुणी भरलेल्या भरमसाट व्याजाचा कायदेशीर पत्ता मक्याच्या शेतांमधला निघतो, तो यामुळे. मला यात नॉर्थचं धोरण शहाणपणाचं वाटतं. पण सू फॉल्स वाढलं, हेही नाकारता येत नाही. 2020 च्या जनगणनेत तिथे 1 लाख 92 हजार माणसं होती, तर नॉर्थच्या सर्वात मोठ्या फार्गोत 1 लाख 26 हजार. फार्गोत मायक्रोसॉफ्टचं मोठं संकुल आहे, 2001 मध्ये विकत घेतलेल्या तिथल्याच एका सॉफ्टवेअर कंपनीमुळे. साउथची राजधानी पिअर जेमतेम 14 हजारांची.

ज्यांच्या नावावरून हे सगळं ओळखलं जातं त्या मूळनिवासी डकोटा-लकोटा लोकांची स्टँडिंग रॉक ही राखीव भूमी दोन्ही राज्यांत पसरलेली आहे. दोन राज्यांमधली ती हद्दीची रेघ तिच्या मधून जाते. ब्लॅक हिल्स 1868 च्या करारानं त्यांचे होते. सोनं सापडल्यावर ते काढून घेतले गेले. 1980 मध्ये, म्हणजे साउथनं व्याजाची मर्यादा उठवली त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयानं त्यांना दहा कोटी डॉलरांहून अधिक भरपाई मंजूर केली. त्यांनी ती घेतली नाही. रक्कम व्याजासकट वाढत पडून आहे. त्यांना डोंगर हवेत.