भेंडीवरचा केवडा फवारणीने जात नाही

भेंडीची पानं पिवळी पडली की 'लोह कमी पडलंय, फेरस सल्फेट मारा' हा सल्ला ठरलेलाच. पण पान उन्हाकडे धरून बघा. लोह कमी असेल तर कोवळ्या पानाच्या शिरा हिरव्या राहतात आणि मधला भाग फिका पडतो. केवडा या रोगात नेमकं उलटं: शिरांचंच पिवळंधमक जाळं, मधे हिरवे ठिपके. हा विषाणू, पांढरी माशी पसरवते. बुरशीनाशक, खत, टॉनिक, सगळं वाया (दुकानदाराचं मात्र भलं!). लागलेलं झाड बरं होत नाही. दिसताच उपटून जाळा, माशी आवरा. 'परभणी क्रांती' हे वाण केवड्याला दाद देऊ नये म्हणूनच काढलेलं, तरी आता काही ठिकाणी त्यावरही केवडा दिसतो.