टार्गेट पिस्तूलची ग्रिप घरी बसवणं

नेमबाजीच्या पिस्तूलची लाकडी मूठ, म्हणजे ग्रिप, आपल्याच तळव्याच्या मापाने घासून, भरून घ्यायची, याला नेमबाज लोक ग्रिप बसवणं म्हणतात. घरी पिस्तूल कस्टमाइझ करणं म्हटलं की लोकांना नळी, स्प्रिंग, ट्रिगर असलं काहीतरी वाटतं, पण खरं घरचं काम लाकडाचंच आहे, लोखंडाला हात लावायचा नाही. एक तर गरज नसते, आणि दुसरं म्हणजे पॉइंट टू टू, म्हणजे 5.6 मिमीचं पिस्तूल लायसन्सवरचं, त्याची दुरुस्ती नाहीतर फेरफार करायलाही 1959 च्या आर्म्स ॲक्टप्रमाणे वेगळं लायसन्स लागतं, ते परवानाधारक कारागिराचं काम. नवीन पोरांच्या हातात असतं ते 10 मीटरचं एअर पिस्तूल, 4.5 मिमीचं, 1988 च्या सोल ऑलिंपिकपासून खेळात असलेलं. पुढचं सगळं त्याच्याबद्दल.

ग्रिपला एवढं महत्त्व काहून, तर टार्गेटवरचं दहा गुणांचं वर्तुळ 11.5 मिमीचं असतं, शर्टाच्या बटणाएवढं. नेम धरायची नळीच्या टोकाची फ्रंट साइट आणि मागची खाचेची रिअर साइट, यांच्यात अंतर साधारण 32 सेंमी, तिथे 1 मिमीची चूक झाली की 10 मीटरवर ती 3 सेंमी होते आणि दहाचे सरळ सात. आता मूठ दरवेळी वेगळी बसत असेल तर मनगट ती चूक सुधारत बसतं, 60 शॉट आणि सव्वा तासाच्या मॅचमध्ये मनगट कुठवर पुरणार?

कंपनीची ग्रिप बहुतेक अक्रोडाच्या लाकडाची, स्मॉल-मीडियम-लार्ज मापात येते, आणि आपला हात यातल्या कशातच बसत नाही. बसली का नाही ते बघायला सोपी टेस्ट आहे. पिस्तूल रिकामं, नळी भिंतीकडे, डोळे मिटून हात उचलायचा, दोन श्वास घ्यायचे, डोळे उघडायचे. फ्रंट साइट रिअर साइटच्या खाचेत मधोमध दिसली तर ठीक, दरवेळी एकाच बाजूला सरकलेली दिसली तर ग्रिपचा दोष, कधी इकडे कधी तिकडे दिसली तर आधी आपली प्रॅक्टिस वाढवा, लाकडाला दोष देऊ नका बाप्पा.

मग ग्रिप एलन कीने, म्हणजे षटकोनी किल्लीने, सोडवून पिस्तूल बाजूला ठेवायचं. तळव्याला पोस्टर कलरचा पातळ हात मारायचा आणि ग्रिप पकडायची. जिथे रंग दाट लागला तिथे लाकूड दाबतंय, जिथे कोरं राहिलं तिथे पोकळ. दाबतं ते 120 नंबरच्या पॉलिश पेपरने घासायचं, दहा-बारा फेऱ्या, परत रंग, परत बघायचं. कानस शक्यतो नको. मी पहिल्याच ग्रिपचा अंगठ्याचा टेका कानसीने एका दुपारी इतका खाल्ला की नंतर आठवडाभर पुटी भरत बसलो.

पोकळ जागा भरायला कोणी लाकडाचा भुसा आणि फेविकॉल कालवून लावतात, भुसा नागपुरात लकडगंजच्या आरा मशीनवर मागितला तरी मिळतो. पण टिकतं ते दोन भाग मळून लावायचं एपॉक्सी पुटीचं काम. पुटी लावली की हाताला तेल लावून मूठ दाबायची, आणि इथेच बहुतेक लोक चुकतात, टेबलावर बसून दाबतात. बसल्यावर मनगटाचा कोन वेगळा, उभं राहून हात खांद्याएवढा ताणल्यावर वेगळा, म्हणून ग्रिप परत पिस्तूलला लावून शूटिंगच्या पोझमध्येच दाबायचं, नाहीतर साचा जेवायच्या हाताचा निघतो. ट्रिगरवरचं बोट लाकडाला कुठेच टेकायला नको, तिथे एक कागद सरकेल एवढी फट ठेवायची.

नागपूरच्या उन्हाचा यात मोठा वाटा आहे. मे महिन्यात पारा 45 ला गेला की पुटी हातातच घट्ट व्हायला लागते, म्हणून हे काम पहाटे नाहीतर सरळ डिसेंबरात. त्यातही गंमत म्हणजे गर्मीत हात सुजतो, थंडीत बसवलेली ग्रिप मे मध्ये आवळते, आणि कूलरच्या दमट हवेत घाम वाळत नाही तो वेगळाच. म्हणून जानेवारीत एक केसभर सैल ठेवलेली बरी.

वॉर्निश मारू नका, घामात मूठ सटकते. जवसाचं तेल फडक्याने लावून पुसून घ्यायचं, आपल्याकडे विदर्भात ते खायलाही वापरतात तर मिळायला अडचण नाही, फक्त तेलाचं फडकं गोळा करून कोपऱ्यात टाकू नका, ते वाळताना आपोआप तापतं आणि पेटूही शकतं. पसरून वाळवा.

शेवटी नियम, कारण मॅचला इक्विपमेंट चेकमध्ये पिस्तूल बॉक्समध्ये घालून बघतात, 420 बाय 200 बाय 50 मिमी, त्यात मावलं पाहिजे, वजन 1500 ग्रॅमच्या आत, ट्रिगर किमान 500 ग्रॅमचा, म्हणजे तेवढं वजन टांगूनही तो सुटायला नको. ग्रिपचा कुठलाही भाग हाताला वेढा घालणारा नको, मनगटाला आधार देणारा तर मुळीच नको, तळव्याखालचा टेका वर वळलेला चालत नाही. ट्रिगर घरी तपासणारे अर्ध्या किलोचं वजन तारेच्या आकड्याला टांगतात आणि आकड्याचं वजन मोजायचं विसरतात, मग तिकडे पास होणारं पिस्तूल घरी चार-पाच ग्रॅमने अडकतं.