ॲप्रॅक्सिया

ॲप्रॅक्सिया : अंगात बळ आहे, सांगितलेले समजते, करायची इच्छाही आहे, तरी शिकून अंगवळणी पडलेली कृती ठरवून करता न येणे, असा मेंदूचा विकार. कृतीचा आराखडा बांधणारी यंत्रणा बहुतेक उजखोऱ्या माणसांत मेंदूच्या डाव्या बाजूला, मुख्यतः पॅरायटल (वरच्या-मागच्या) आणि फ्रंटल (पुढच्या) भागांत असते. पक्षाघात, डोक्याला मार, गाठ किंवा अल्झायमरसारख्या आजाराने तिला इजा होते.

घरच्यांना चक्रावून टाकते ते वेगळेच. ठाण्यात कौपिनेश्वराच्या गाभाऱ्यासमोर ज्या आजोबांचे हात आपसूक जुळतात, त्यांनाच दवाखान्यात ‘नमस्कार करून दाखवा’ म्हटले की हात अधांतरी घुटमळतात. मग ‘मुद्दाम करतात’ किंवा ‘म्हातारचळ लागला’ असा शेरा बसतो. दोन्ही चूक. प्रसंगाने ओघात घडणारी कृती आणि सांगण्यावरून केलेली कृती यांतली ही तफावत या विकाराची ठळक खूण आहे. दात घासण्याचा अभिनय करायला सांगितल्यास रुग्ण अनेकदा ब्रश धरल्यासारखी मूठ न करता बोटच दातांवर फिरवतो; खरा ब्रश हाती दिला की पुष्कळदा जमते. काहींचा मात्र क्रमच बिघडतो : चहाची पूड आधी कपात, पाणी नंतर.

जर्मन वैद्य ह्यूगो लीपमान यांनी १९०० मध्ये वर्णिलेला रुग्ण उजव्या हाताने साध्या आज्ञाही पाळू शकत नसे. त्याला बुद्धिभ्रंश झाल्याचा समज होता. लीपमान यांनी उजवा हात धरून ठेवला, तेव्हा डाव्या हाताने त्याने त्याच आज्ञा बरोबर पाळल्या. समज शाबूत होती, हे तिथेच सिद्ध झाले.

बोलण्याच्या हालचालींचाही ॲप्रॅक्सिया असतो. तो मुलांमध्ये जन्मापासूनही आढळतो आणि त्यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञ लागतात. नवी मुंबई महापालिकेचे वाशीतील ईटीसी (शिक्षण-प्रशिक्षण) केंद्र दिव्यांग मुलांसाठी काम करते. पालकांना विचारपूस तिथून सुरू करता येईल.

यावर नेमके औषध नाही. पक्षाघातानंतर सुरुवातीच्या महिन्यांत काही सुधारणा आपोआप होते. पुढे ऑक्युपेशनल थेरपीचा, म्हणजे रोजची कामे सरावाने पुन्हा शिकवणाऱ्या उपचाराचा आधार. कृतीचे तुकडे पाडून, खऱ्या वस्तूंनी, एकाच क्रमाने, चूक होण्याआधी हात धरून सराव करवतात. कळव्याच्या रुग्णालयातून सुटी मिळाली तरी हा सराव घरच्याच मोरीत आणि ओट्यापाशी व्हावा, कारण शिकलेले सहसा दुसऱ्या कामात उतरत नाही. ब्रश जमला म्हणून शर्टाची बटणे जमत नाहीत; ती वेगळी शिकवावी लागतात.